बैठे तास कसे कमी करावेत : गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि रोजची दिनचर्या

गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग बहुधा पाळी गेल्यानंतरच्या वयात आढळतो. वाढलेले वजन, मधुमेह, पीसीओडी (बीजाशयांचा संप्रेरकांशी निगडित विकार), मूल न झालेले असणे, पाळी उशिरा जाणे आणि काही घराण्यांतला आनुवंशिक दोष ही त्याची परिचित कारणे आहेत. यांतली बरीचशी आपल्या हातात नसतात. दिवसातले किती तास बसून काढायचे, हे मात्र पुष्कळ अंशी हातात असते. 2014 साली श्मिड आणि लाइट्झमन या संशोधकांनी 43 निरीक्षणात्मक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बसण्याच्या वेळेत रोज दोन तासांची भर पडली की या कर्करोगाचा धोका सुमारे 10 टक्क्यांनी वाढलेला दिसला. टीव्हीसमोर सर्वाधिक वेळ घालवणाऱ्या स्त्रियांमध्ये तो सर्वांत कमी पाहणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 66 टक्क्यांनी जास्त होता. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिवाय टीव्हीबरोबर फरसाणाची बशीही येते, हे विसरून चालणार नाही.

तरीही हा संबंध पटण्याजोगा आहे, कारण त्यामागची शरीरक्रिया बरीचशी उलगडलेली आहे. हे अस्तर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे वाढते आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक त्या वाढीला आवर घालते. पाळी गेल्यावर हा आवर जवळपास संपतो, पण चरबीच्या पेशी शरीरातल्या इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन तयार करीतच राहतात. तासन्‌तास बसून राहिल्यास पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर कमी उचलतात, त्यामुळे इन्सुलिन वाढते. आणि वाढलेले इन्सुलिन यकृतात बनणारे, संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन कमी करते. परिणामी अस्तरापर्यंत पोहोचणारे मोकळे इस्ट्रोजेन वाढते.

पहिली पायरी : प्रामाणिक नोंद

कामाचे दोन दिवस आणि एक रविवार निवडून जागेपणी बसून किंवा आडवे पडून गेलेला वेळ लिहून काढावा. कार्यालयातली खुर्ची, बस किंवा लोकलमधली जागा, जेवण, मोबाइल, मालिका, सगळे धरावे. ‘मी दिवसभर घरात कामच करते’ असे सांगणाऱ्या गृहिणींची नोंदही अनेकदा वेगळेच सांगते, कारण धुणे यंत्रात जाते, भांड्यांना बाई असते, आणि टीव्हीसमोर बसून भाजी निवडणे हे काम असले तरी शरीराच्या हिशेबी ते बसणेच ठरते. जमिनीवर मांडी घातली म्हणून त्यात फारसा फरक पडत नाही. ओट्याशी उभे राहून केलेला स्वयंपाक मात्र या यादीत येत नाही.

दुसरी पायरी : कमरेचे माप

शिवणकामाची टेप घेऊन सरळ उभे राहावे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपून दोहोंच्या मध्यावर टेप गुंडाळावी. ती पाठीमागे खाली घसरलेली नाही ना, हे आरशात पाहावे. नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता आकडा वाचावा. साडीच्या निऱ्यांवरून किंवा सलवारीच्या नाडीवरून घेतलेले माप उपयोगाचे नाही. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही सावधगिरीची रेषा मानली जाते. वजन फारसे नसूनही पोट सुटलेले असणे आपल्याकडे सर्रास दिसते, म्हणून वजनकाट्यापेक्षा ही टेप अधिक खरे सांगते, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी : बैठक मोडणे

सकाळी अर्धा तास फिरून आल्यावर उरलेले नऊ तास खुर्चीत काढले तरी हिशेब पुरा झाला, अशी समजूत मोठी आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबरच बसणे कमी करण्याचा सल्लाही स्वतंत्रपणे दिलेला आहे. डन्स्टन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दर वीस मिनिटांनी उठून दोन मिनिटे सावकाश चाललेल्यांची जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही सलग बसलेल्यांपेक्षा कमी राहिली. तेव्हा जेवणानंतरचे दोन तास आधी हाती घ्यावेत. बैठक मोडण्याचा लाभ तिथे सर्वांत चटकन मिळतो.

कार्यालयात मोठी बाटली टेबलावर न ठेवता लहान पेल्याने, दर वेळी उठून पाणी घ्यावे. फोन उभ्यानेच घ्यावेत. शेजारच्या विभागाला निरोप संदेशाने न पाठवता जाऊन सांगावा. संध्याकाळी मालिकेतल्या प्रत्येक जाहिरातीच्या वेळी घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात. जाहिराती एरवी कटकटीच्या वाटतात, इथे त्या कामी येतात. वेबमालिका पाहणाऱ्यांना ही सोय नाही, त्यांनी मोबाइलवर गजर लावावा.

गुडघे दुखतात म्हणून बसणे वाढते आणि बसण्याने वजन वाढून गुडघे अधिक दुखतात, हे चक्र पन्नाशीनंतर घरोघरी आहे. अशा वेळी ओट्याची कड धरून टाचा वर-खाली कराव्यात, किंवा उंच, हात असलेल्या खुर्चीतून आधार घेत सावकाश उठावे आणि तितक्याच सावकाश बसावे. दुखणे वाढले तर व्यायामाचा प्रकार डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून बदलून घ्यावा.

चौथी पायरी : रक्तस्राव अंगावर न काढणे

चालण्याने धोका कमी होऊ शकतो, शून्य होत नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थोडासाही रक्तस्राव झाला, अगदी एकदाच डाग दिसला, तरी तो ‘उष्णतेमुळे झाला असेल’ म्हणून सोडून देऊ नये. या कर्करोगाच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत अनियमित रक्तस्राव होतो. उलट बाजूने, अशा रक्तस्रावाच्या बहुतेक प्रकरणांत कर्करोग निघत नाही. तेव्हा घाबरून घरी बसण्याचे कारण नाही. पाळी अजून चालू असलेल्या वयात रक्तस्राव फार जास्त होत असेल किंवा मधेच डाग पडत असतील, तेही सांगावे.

पॅप टेस्ट नुकतीच झाली आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ती गर्भाशयमुखाची तपासणी आहे, आतल्या अस्तराची नव्हे. डॉक्टर साधारणपणे योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहतात. पाळी गेलेल्या स्त्रीत रक्तस्राव झाला असताना ती 4 मिलिमीटरपेक्षा जास्त असल्यास अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवतात. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल किंवा आई, बहीण, मावशी यांपैकी कोणाला गर्भाशयाचा वा आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे; टॅमॉक्सिफेनची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.