कॅम्पसवर शिल्प उभं करताय? आधी पाण्याची वाट बघा

बाहेर ठेवायचं शिल्प म्हटलं की गोव्यात पहिला प्रश्न एकच, पाणी कुठून शिरणार आणि कुठून बाहेर जाणार. आम्ही कॉलेजात असताना लोखंडी पाइपचं एक केलं होतं, सगळीकडून वेल्डिंग मारून पॅक केलं की गंजायचं नाही अशी आमची समजूत, आणि चवथीपर्यंत बुडातून तांबडं पाणी गळायला लागलं 😅 वेल्डिंगमध्ये सुईएवढं भोक राहिलं तरी पुरतं. म्हणून पोकळ पाइपला सगळ्यात खालच्या जागी १०-१२ मिमीचं भोक पाडायचंच. गॅल्व्हनाइझ करणार असाल, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून लेप देणार असाल तर वर-खाली दोन्हीकडे भोकं आधीच पाडा, कारण जस्त तिथं साधारण ४५० डिग्रीला वितळलेलं असतं आणि बंद पाइपमध्ये अडकलेल्या ओलाव्याची वाफ झाली तर पाइप फुटतो, मस्करी नाही.

स्टेनलेस स्टील घेताना दुकानदार ३०४ ग्रेडचं देतो, तुम्ही ३१६ ग्रेडचं मागा. महाग आहे, पण त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो म्हणून खाऱ्या वाऱ्यात टिकतं, ३०४ वर चहाचे डाग पडल्यासारखं होतं. आणि साध्या लोखंडाला स्टेनलेसचे बोल्ट थेट लावू नका, मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर लोखंड लवकर खाल्लं जातं. रंगात एपॉक्सी प्रायमर ठीक, पण वरचा हात पॉलियुरेथेनचा द्या, एपॉक्सी उन्हात खडूसारखं पांढरं होतं.

चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात, काम करणार असाल तर छानच, आपलाच दगड, खाणीतून काढल्यावर हवेत कडक होतो. फक्त त्यावर ऑइलपेंट मारू नका, आतला ओलावा अडकतो आणि पापुद्रे सुटतात. शेवाळ येणारच, मला तर ते बरं दिसतं. ब्राँझ परवडत असेल तर प्रश्नच मिटला, पणजीत आबे फारियाचा पुतळा बघा, रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला, १९४५ पासून मांडवीच्या वाऱ्यात उभा आहे. वर्षातून एकदा धुऊन मेण लावलं की झालं.

जागेचं म्हणाल तर ताळगाव पठारावरचं विद्यापीठ सतीश गुजरालांनी डिझाइन केलेलं, तिथल्या इमारती स्वतःच शिल्पासारख्या, त्यांच्या पुढ्यात आणखी एक ठेवून काय होणार. आडबाजूला, पोरं शॉर्टकट मारतात त्या वाटेवर ठेवा, रोज बघितलं जाईल. लोक त्यावर बसणार, चढणार, सेल्फी काढणार हे धरूनच कडा घासून गोल करा आणि पाया भक्कम घाला. पठारावर जूनचा वारा असा येतो की पसरट पत्रा शिडासारखा ओढला जातो, पत्र्याला भोकं ठेवली तर जोर कमी होतो.

परवानगीच्या अर्जातच लिहून घ्या की दर पावसाळ्यानंतर कोण धुणार. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश बास, तारेचा ब्रश आणि ॲसिड घेऊन कोणी आला तर त्याला तिथूनच परत पाठवा.