हस्त सरेपर्यंत सांडव्यात पोती नकोत : मातीच्या लहान धरणांसाठी सप्टेंबरचा सल्ला

पोळा झाला, तलाव काठोकाठ आला आणि सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेने, पाणी वाहू लागले की मराठवाड्यातील अनेक गावांत एकच दृश्य दिसते. वाहून जाणाऱ्या पाण्याची हळहळ वाटून कोणीतरी सांडव्यात मातीची पोती रचतो, दुसरा त्यावर मुरूम टाकतो आणि तलावात फूट-दीड फूट पाणी जास्त साठल्याचे समाधान सर्वांनाच होते. टँकरवर उन्हाळे काढलेल्या माणसाला हा मोह का होतो, हे समजण्यासारखे आहे. तरीही आम्ही ज्या लहान धरणांचे भराव (मातीचे बांध) फुटलेले आणि खालच्या शिवारातील उभे सोयाबीन व वरची सुपीक माती एका रात्रीत वाहून गेलेली पाहिली, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी सांडवा कोणत्या ना कोणत्या कारणाने अडवलेला होता.

सांडव्याची पातळी आणि भरावाचा माथा यांमधील मोकळी उंची ही वाया गेलेली जागा नसून नाल्याचा लोंढा सुरक्षित बाहेर काढण्यासाठी राखलेली जागा आहे. सांडव्यावरून तीन फूट जाडीचे पाणी जाईल असे गृहीत धरले असेल आणि पोत्यांमुळे ती जाडी दीड फुटावर आली, तर निचरा निम्मा होतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो जेमतेम एक-तृतीयांश उरतो. शंभर हेक्टर पाणलोटावर 100 मिलिमीटर पाऊस पडून त्यातील निम्मा जरी वाहून आला, तरी 5 कोटी लिटर पाणी काही तासांत तलावाच्या दारात उभे राहते. त्याला वाट मिळाली नाही की ते माथ्यावरून जाते, भरावाचा मागचा, म्हणजे खालच्या शिवाराकडचा, उतार कापत वर सरकते आणि मग जेसीबी बोलावूनही उपयोग नसतो. सप्टेंबर 2021 च्या अखेरीस गुलाब चक्रीवादळाच्या अवशेषांनी मराठवाड्यात जो पाऊस पाडला, तो हस्त नक्षत्रातच आला होता. म्हणून पाणी अडवायचेच असेल, तर ते हस्त संपल्यावर, म्हणजे साधारण 10 ऑक्टोबरनंतर, परतीच्या पावसाचा अंदाज पाहून आणि तलाव ज्या विभागाकडे आहे त्याच्या संमतीनेच अडवावे.

सांडवा केवळ पोत्यांनी अडतो असे नाही. मासेमारीसाठी आडवी लावलेली जाळी पहिल्याच लोंढ्यात काडीकचऱ्याने भरते आणि तिची भिंत होते. सांडव्याच्या चरात वेडी बाभूळ माजते, पुढे कोणीतरी त्याच चरात चार ओळी ज्वारी पेरतो आणि बांध घालतो. हे तिन्ही अडथळे या आठवड्यात काढावेत.

भरावाची इतर कामे :
- माथ्यावरील भेगा व खड्डे ओलसर मातीने भरून चोपणे
- गाडीवाटेने दबलेला माथा समपातळीत आणणे
- निसटलेले दगडी अस्तर पुन्हा बसवणे
- लहान बाभळी उपटणे. मोठी झाडे पावसाळ्यात मुळासकट न काढणे
- भरावातून नवीन पाइप न नेणे
- जनावरे उतारावर न चारणे

घुशी-उंदरांच्या बिळांकडे मात्र स्वतंत्र लक्ष द्यावे. 2019 मध्ये तिवरे धरण फुटल्यावर ते खेकड्यांनी पोखरल्याची चर्चा राज्यभर रंगली. आमच्या काळ्या मातीत घूस अधिक नुकसान करते. संध्याकाळी सर्व बिळे बुजवावीत आणि सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू समजावीत. दोन-तीन दिवस बिनविषारी भरड खाऊ घालून मग 48 भाग भरड, 1 भाग गोडेतेल आणि 1 भाग झिंक फॉस्फाईड हे आमिष हातमोजे घालून बिळात खोल टाकावे व तोंड बंद करावे. जनावरे त्याच तलावावर पाणी पितात, त्यामुळे उघड्यावर एक दाणाही राहू देऊ नये. नंतर बीळ खोदून 15-15 सेंटिमीटरच्या थरांत ओलसर माती चोपत भरावी. नुसते दगड कोंबल्याने आतली पोकळी तशीच राहते.

मागच्या उताराच्या पायथ्याशी लव्हाळा अचानक हिरवागार झाला, की तेथे पाझर वाढला आहे असे आम्ही समजतो. हा अनुभवाचा ठोकताळा आहे, पण त्याने आम्हाला क्वचितच फसवले. असे पाणी काचेच्या बाटलीत धरून पाहावे. ते नितळ असेल तर रोज त्याच वेळी पाहणी करावी. गढूळ असेल तर आतून माती वाहून येत आहे. गळती थांबवणारी महागडी पावडर किंवा प्लास्टिकचा कागद खपवणारे विक्रेते अशा वेळी हमखास येतात, परंतु मागच्या बाजूने पाणी कोंडले तर आतील दाब वाढतो आणि ते दुसरीकडून फुटते. त्या जागी आधी वाळू, त्यावर खडी आणि सर्वांत वर दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी निघते आणि माती अडते. हा खर्च विक्रेत्याच्या एका डब्याइतकाही नसतो.

गढूळ पाण्याची धार वाढत असेल, माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग पडली असेल किंवा पाणी माथ्यापासून फूटभर अंतरावर आले असेल, तर दुरुस्तीच्या मागे न लागता खालच्या वस्तीवरील माणसे व जनावरे आधी हलवावीत आणि तहसील कार्यालयाला तसेच जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077 वर कळवावे. पाणी उतरवण्यासाठी भराव मध्येच फोडू नये. सांडव्यातील पोती आतापर्यंत काढली नसतील, तर लोंढा चालू असताना त्यात उतरून काढण्याचे धाडसही करू नये. ते काम आज, पाणी शांत असताना, दिवसाउजेडी करावे.