एक्सेलमधून सुटलो एकदाचा

वागळे इस्टेटला आमचं पॅकिंग मटेरियलचं छोटं युनिट, बिलं सगळी एक्सेलवर, पण उलाढाल ५ कोटींच्या वर गेली आणि सीए म्हणाले आता ई-इन्व्हॉइस लागणार, म्हणजे व्यापाऱ्यांना दिलेली बिलं सरकारी पोर्टलवर नोंदवायची, ऑगस्ट २०२३ पासून हीच लिमिट आहे. आधी बिलिंगचं एक स्वस्तातलं ॲप घेतलं, दिसायला भारी, पण स्टॉक कधी जुळलाच नाही. मग टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, कारण ठाण्यात टॅली येणारा अकाउंटंट पटकन मिळतो. घ्यायच्या आधी डेमोवाल्याला म्हटलं, आमचीच मागच्या महिन्याची ४० बिलं टाकून दाखव, तेव्हा कळलं, रोल आम्ही किलोवर घेतो आणि नगावर विकतो, मालाला किलो आणि नग अशी दोन मापं लावल्याशिवाय जुळणार कसं डोंबल! १ एप्रिलला ओपनिंग बॅलन्स टाकून सुरू केलं. आता १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर बनणारी आपल्या खरेदीची यादी, आली की संध्याकाळपर्यंत खरेदी जुळवून मोकळा.