पाळणा लांबवायचाय? डॉक्टरांकडे जाताना घरचं कॅलेंडर सांगा

मी दापोली तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका गावात आशाताई आहे. बायकांबरोबर दवाखान्यात जायचं हे नेहमीचंच. डॉक्टर विचारतात, "काय हवंय?" आणि बाई पदराशी चाळा करत म्हणते, "तुम्ही द्याल ते." डॉक्टरांना तुमच्या घरचं काय ठाऊक? मग हाताशी असेल ते देतात.

तेव्हा पहिलं सांगायचं ते नवरा घरी कधी असतो ते. लाजू नका. मुंबईचा चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतो. बऱ्याच जणी तो गाडीत बसला की माला-एन सुरू करतात आणि तो परत गेला की बंद. याचा उपयोग नाही. ही गोळी रोजच्या रोज घ्यावी लागते. अशीला निरोध बरा, नाहीतर तांबी, म्हणजे कॉपर-टी. बोटीवरच्या माणसाचं आणखी वेगळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने तो घरातच. हे कळलं की डॉक्टर वेगळा विचार करतात. पुढचं मूल कधी हवंय, की नकोच, हेही तेव्हाच सांगा.

मग तब्येतीचं. ब्लडप्रेशर, अर्धशिशी, पायात रक्ताची गुठळी, टीबीची औषधं, यातलं काही असेल तर विचारायची वाट बघू नका. मिश्री लावत असाल तर तेही सांगा, सासूबाई शेजारी बसल्या असल्या तरी. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल तर माला-एन नको. छायाची गोळी चालते, तांबी चालते, अंतराचं इंजेक्शन दीड महिन्यानंतर चालतं.

आता पैशाचं. "सरकारी पुरवठ्यातलं यातलं काय मिळेल?" असं सरळ विचारायचं. निरोध, माला-एन, छाया, अंतरा, तांबी हे सगळं सरकारी आरोग्य केंद्रात फुकट आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. आशाची घरपोच योजना २०११ ला आली तेव्हा तीन निरोध १ रुपया, गोळ्यांचं पाकीट १ रुपया आणि तातडीची गोळी २ रुपये असा दर ठरला होता. खाजगीत जाणार असाल तर तपासणीची फी, वस्तूची किंमत, बसवायचे पैसे आणि पुन्हा दाखवायची फी, चारही आकडे आधी वेगवेगळे विचारा. नुसतं "किती होतील?" विचारलं की पहिलाच आकडा सांगतात.

छाया दिली तर वार पक्का करून घ्या. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो रविवार असेल तर तीन महिने रविवार आणि बुधवार, चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. पाळी लांबू शकते, घाबरू नका. फारच लांबली तर लघवीची तपासणी करा. अंतरा दर तीन महिन्यांनी. त्याने पाळी मागेपुढे होते किंवा थांबते, आणि शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. पुढच्या वर्षी मूल हवं असेल तर हे आधीच ऐकलेलं बरं.

तांबीबद्दल मला सगळ्यांत जास्त विचारतात. ती पोटात वर चढून काळजात जाते, ही भीती आमच्याकडे अजून आहे. ती गर्भाशयात बसते, काळजाकडे वाटच नाही. तिचे दोन प्रकार: ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. हवी तेव्हा काढता येते. कुठली बसवली ते कार्डावर लिहून घ्या. सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्त जास्त जातं, म्हणून "माझं हिमोग्लोबिन किती?" हे बसवायच्या आधी विचारा. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवतात, म्हणजे पुन्हा एसटीने तालुक्याला जायचा हेलपाटा वाचतो. पण ते गरोदरपणी दवाखान्यात नाव घालतानाच बोलून ठेवायला हवं. यातल्या कशालाच नवऱ्याची सही लागत नाही. कोणी मागितली तर मेडिकल ऑफिसरला विचारा.

तातडीची गोळी संबंध आल्यावर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती महिन्याच्या महिन्याला घ्यायची वस्तू नव्हे.

१९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे र. धों. कर्वे आपल्याच दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या घराण्यातले. आणि आज त्याच तालुक्यात निरोधाचं पाकीट मी कागदात गुंडाळून देते, असो.

मुलं पुरे झाली असतील तर डॉक्टरांना नवऱ्याच्या बिनटाक्याच्या नसबंदीचंही विचारा. बाईच्या ऑपरेशनपेक्षा ती सोपी आणि त्याच दिवशी माणूस घरी. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. चाकरमानी असेल तर गणपतीच्या रजेतच तारीख विचारून ठेवा.