महापालिकेची नोकरी: जाहिरात निघण्याआधीच करायची कामं

माझ्या नोकरीतली बहुतेक वर्षं एका महापालिकेच्या आस्थापना विभागात, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बदल्या बघणाऱ्या विभागात गेली. भरतीच्या दिवसांत कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर माझी ड्यूटी लागायची. आता निवृत्त झाल्यावर सोसायटीतली, नात्यातली मुलं विचारतात, ‘मावशी, महापालिकेत काही निघालंय का?’ मी सांगते, निघाल्यावर विचारून फार उपयोग नाही. अर्जाला जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात, आणि शैक्षणिक अर्हता व बहुतेक दाखले अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंतचेच धरले जातात. टायपिंगचा निकाल त्या तारखेनंतर लागला, तर तो तुमच्या कामाचा नाही. म्हणून काही निघालेलं नसतं, तेव्हाच कामाला लागायचं.

आधी कोण कोणाला नेमतं ते नीट समजून घ्या. राज्यात २९ महापालिका आहेत आणि प्रत्येक जण आपली जाहिरात स्वतंत्र काढतो. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचं तसं नाही. तिथले अभियंते, लेखापाल, करनिर्धारण अधिकारी, स्वच्छता निरीक्षक ही राज्य संवर्गाची पदं; ती नगरपरिषद प्रशासन संचालनालय एकत्र भरतं. २०२३ साली त्यांनी १७८२ पदांची जाहिरात काढली होती. मुख्याधिकारी व्हायचं असेल तर वाट एमपीएससीच्या राज्यसेवेतून जाते, आणि पालिका शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर शिक्षक अभियोग्यता चाचणी देऊन ‘पवित्र’ या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवरून. महापालिका आणि नगरपरिषद यांतला फरक पगारापेक्षा बदलीत जास्त जाणवतो. महापालिकेत बदली झाली तरी शहराच्या हद्दीतच, या वॉर्डातून त्या वॉर्डात. नगरपरिषदेच्या राज्य संवर्गात आज एका गावात तर तीन वर्षांनी दुसऱ्याच जिल्ह्यात.

‘एवढी पदं रिकामी आहेत, मग भरती का काढत नाहीत?’ हाही नेहमीचा प्रश्न. पदं किती, हे ठरवणारा आकृतीबंध आणि ती कशी भरायची हे सांगणारे सेवा प्रवेश नियम, या दोन्हींना नगरविकास खात्याची मंजुरी लागते. मग बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे दाखवणारी यादी, तपासून घ्यायची. वर आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांवरचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट आहे, ती पाळता पाळता कित्येक पालिकांच्या भरत्या वर्षानुवर्षं लांबतात. तेव्हा वर्तमानपत्रात ‘अमुक महापालिकेच्या आकृतीबंधाला मंजुरी’ अशी चार ओळींची बातमी दिसली की ती कापून ठेवा. लोक ती वाचतच नाहीत. खरं तर भरतीची पहिली चाहूल तिथेच लागते. २०२५ मध्ये ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर अशा शेजारशेजारच्या पालिकांच्या जाहिराती एकाच वर्षात आल्या. एकट्या ठाण्याची १७७३ पदं होती. ज्यांचे कागद तयार होते त्यांनी चारही ठिकाणी अर्ज भरले.

आता पदांबद्दल. पालिकेची नोकरी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लिपिक येतो, आणि म्हणूनच त्या पदाला सर्वांत जास्त गर्दी. पुण्याची २०२२ची ४४८ पदांची जाहिरात घ्या: लिपिक टंकलेखक २००, कनिष्ठ अभियंता स्थापत्य १३५, सहायक अतिक्रमण निरीक्षक १००. म्हणजे निम्म्याहून जास्त जागा लिपिकाच्या नव्हत्याच. पालिका म्हणजे दवाखाने, अग्निशमन, पाणी, गटारं, बागा, मालमत्ता कर. त्यामुळे परिचारिका, औषधनिर्माता, अग्निशामक, वायरमन, उद्यान निरीक्षक, सर्व्हेअर ही पदं निघतच राहतात आणि तिथे पात्र अर्जच कमी येतात.

बारावी किंवा पदवी झालेली आणि ‘आता पुढे काय’ म्हणणारी मुलं आली की मी स्वच्छता निरीक्षकाच्या पदविकेचं नाव आधी काढते. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ही १९२६ सालची जुनी संस्था तो अभ्यासक्रम चालवते. वर्षभरात हातात असं प्रमाणपत्र येतं, जे लाखभर पदवीधरांकडे नसतं. मात्र कामाची कल्पना आधीच असू द्या: पहाटे हजेरी शेडवर जायचं, कचरागाड्यांच्या फेऱ्या बघायच्या, दंडाच्या पावत्या फाडायच्या, लोकांच्या शिव्या खायच्या. एसी केबिन हवी असेल तर तिकडे फिरकू नका. अंगात ताकद आणि उंची असेल तर सांताक्रूझच्या कालिना इथल्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स बघा. बऱ्याच पालिका अग्निशामकाला तोच मागतात.

लिपिकच व्हायचं असेल तर राज्य परीक्षा परिषदेचं टायपिंग प्रमाणपत्र हवं. मराठीचं ३० शब्दांचं चालतं, इंग्रजीचं कुठे ३० मागतात, कुठे ४०. तुम्ही ४०चंच करून ठेवा. एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा तर हवीच. पगार सगळीकडे सारखा नसतो हेही पाहा: मुंबई महापालिकेत या पदाला आता कार्यकारी सहायक म्हणतात आणि २०२४च्या १८४६ पदांच्या जाहिरातीत वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० होती, पुण्याच्या लिपिकाची १९,९०० ते ६३,२००. मुंबईच्या त्याच जाहिरातीत दहावी आणि पदवी ‘प्रथम प्रयत्नात’ उत्तीर्ण असण्याची अट होती. उमेदवारांनी ओरड केली, अट निघाली आणि जाहिरात नव्याने आली. तेव्हा अट जाचक वाटली तर गप्प बसू नका, लेखी कळवा. आणि शुद्धिपत्रक आलंय का हे पालिकेच्या संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा बघत जा.

कागदांचा भाग मी मुद्दाम सविस्तर सांगणार आहे, कारण रडारड तिथेच होते. लेखी परीक्षेत वरच्या नंबरात आलेली मुलं माझ्या टेबलासमोर घाम पुसत उभी राहिलेली मी पाहिली आहेत. एका मुलीचं गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि विवाह नोंदणीच केलेली नाही. एकाच्या नॉन क्रीमिलेयरची (कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याच्या दाखल्याची) मुदत ३१ मार्चला संपलेली, अर्ज मात्र एप्रिलमधला. हे दाखले मुदत संपण्याआधी आठवणीने नवे करून घ्यायचे. ओबीसी, भटक्या-विमुक्त, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) या प्रवर्गांना नॉन क्रीमिलेयर लागतं. अनुसूचित जाती-जमातींना नाही. खुल्या गटातल्या महिलांना ३० टक्के महिला आरक्षणासाठी आधी लागायचं, ते मे २०२३ पासून लागत नाही, तरी अजून कित्येक जणी त्यासाठी रांगेत उभ्या राहतात. जात वैधतेचं, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याच्या प्रमाणपत्राचं, प्रकरण जात पडताळणी समितीकडे आधीच टाकून ठेवा. अधिवास दाखला काढून ठेवा. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांनाही अर्ज करता येतो, त्यांच्या दाखल्याचा नमुना जाहिरातीत असतो. २८ मार्च २००६ नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्रात अडकाल. ते लपवून लागलेली नोकरी पुढे जातेच.

परीक्षेबद्दल थोडक्यात. आता ती बहुतेक टीसीएस ही कंपनी किंवा बँकांच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था संगणकावर घेते: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन, आणि तांत्रिक पदाला त्या विषयाचे प्रश्न. मराठी सोपं जाईल म्हणून सोडू नका. समास, प्रयोग, वाक्प्रचार यांतच हक्काचे गुण जातात. गट क आणि ड च्या या पदांना मुलाखत नसते. म्हणजे ‘आतून सेटिंग करतो, साहेबांशी बोलणं झालंय’ म्हणणारा माणूस तुमच्या पैशांशिवाय कशावरही काम करत नाहीये.

कंत्राटी जागांचं तारतम्य ठेवा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली पदं ठरावीक मुदतीची असतात, कित्येकदा थेट मुलाखतीने भरतात. परिचारिका किंवा तंत्रज्ञ असाल तर अनुभवासाठी जरूर करा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बारावीवाल्यांना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतनाने २०२४ मध्ये सुरू झाली. त्यातून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. पण कामाची नस्ती (फाइल) कशी फिरते ते कळतं, तेवढ्यासाठी ठीक. आई किंवा वडील पालिकेत सफाई कामगार असतील, तर लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाहक्काचा अर्ज त्यांच्याच विभागाच्या आस्थापना लिपिकाकडे करायचा. त्यासाठी जाहिरातीची वाट बघायची नसते. त्या टेबलावर गेलात की अर्जाची पोच शिक्का मारून घ्या, आवक क्रमांकासकट.