गराज किती गार पडतं ते आधी मोजा

मिनियापोलिस, शिकागोकडे घर घेतलंय आणि गराजमध्ये हीटर नाहीये, तर अंदाजावर जाऊ नका, सरळ एक मिन-मॅक्स थर्मामीटर आणा, रात्रीचं सगळ्यात कमी तापमान तो लक्षात ठेवतो. जिथे सामान ठेवणार त्याच शेल्फवर ठेवा, आणि एकदा खाली फरशीवर पण ठेवून बघा, तिथे जास्त गार असतं.

घराला चिकटलेलं गराज भिंतीतून थोडी ऊब खातं, त्यामुळे बाहेर उणे 20 सेल्सियस असलं तरी आत बरंच बरं असतं. सुटं गराज मात्र जवळपास बाहेरच्याइतकंच गार, फक्त वारा लागत नाही एवढंच.

आकडा शून्य सेल्सियसच्या खाली जायला लागला की पाण्यातला पेंट, सोड्याचे कॅन, कांदे-बटाटे घरात घ्या.

आणि गराजमध्ये ठेवलेला तो जास्तीचा फ्रिज! गंमत अशी की गराजच फ्रिजच्या आतल्याइतकं गार झालं की बऱ्याच फ्रिजचा कॉम्प्रेसर चालूच होत नाही, मग जरा ऊन पडून गराज शून्याच्या वर आलं की फ्रीझरमधल्या पुरणपोळ्या, मटार सगळं पाघळायला लागतं. थंडीपुरता रिकामा करा, नाहीतर थंड गराजसाठी बनवलेलं मॉडेल घ्या.