गावाकडं ई-सायकल घ्यायचीय? आधी पंक्चरवाल्याला भेटून या

दुकानदार रेंज, म्हणजे एका चार्जला किती पळंल ते, सांगतो 40 किलोमीटर, पण ती सपाट डांबरीवर, माणूस एकटा आणि वर पॅडल पण मारतोय असं धरून. आपलं काय, मागं दुधाचं कॅन, निम्मा रस्ता मुरमाचा, मधी ओढा आणि ओढा संपला की चढ. म्हणून पहिला हिशोब आपला आपणच करायचा. बॅटरीवर व्होल्ट आणि एएच (अँपिअर-तास) छापलेलं असतं, त्यांचा गुणाकार करा, म्हणजे 36 गुणिले 7.5 झाले 270 वॅट-तास, आणि लोड घेऊन नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पॅडल न मारता हँडलची मूठ पिळून, किलोमीटरला 12 ते 15 वॅट-तास धरा, म्हणजे 18 ते 22 किलोमीटर मिळतील. वस्ती ते डेअरी 4 किलोमीटर असेल तर दोन वेळचं जाऊन-येऊन 16 झालं, जेमतेम बसतंय. चढाला पॅडल मारायचंच, हळू स्पीडला हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली मोटर, नुसती तापते.

घेताना मोटर 250 वॅटच्या आत आणि स्पीड 25 च्या आत आहे ना ते बघा, मग लायसन नको न पासिंग नको. मंजुरीचा कागद मागून घ्या. "लॉक काढून देतो, 40 नं पळंल" असं कोण म्हणलं तर नको म्हणायचं, मग ती कायद्यानं सायकल राहत नाही.

घरच्या जुन्या काळ्या सायकलला मोटर-बॅटरीचा किट बसवायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण ते सळईवाले ब्रेक असतील तर आधी ब्रेक बदला, कारण किटसोबत येणारे ब्रेक लिव्हर दाबले की मोटर बंद होते, ते बसवलेच पाहिजेत.

चार्जिंगचं सोपंय. आल्या आल्या लावू नका, अर्धा तास गार होऊ द्या. गोठ्यात, कडब्याजवळ तर अजिबात नको. 48 व्होल्टचा चार्जर 36 च्या बॅटरीला लावायचा नाही, पिन बसली तरी नाही. फुल चार्जला अर्धा युनिट पण लागत नाही, त्यामुळं बिलाची काळजी सोडा. महिनाभर वापरणार नसाल तर निम्मी भरून ठेवा, रिकामी ठेवली की बॅटरी गेलीच म्हणून समजा.

आता खरा विषय, मागच्या चाकाचं पंक्चर. मोटर त्याच चाकात असते. माझ्या सायकलचं चाक एका पंक्चरवाल्यानं सवयीनं खोललं, बसवताना एक्सलचा दात असलेला वॉशर उलटा टाकला, मी थ्रॉटल पिळला तसा एक्सलच गरकन फिरला आणि मोटरची वायर दोरीसारखी पिळून तुटली, पाच दिवस सायकल भिंतीला. तेव्हापासून मी चाक खोलूच देत नाही. सायकल उलटी करायची, एका बाजूनं टायर काढायचा, पंक्चर असेल तेवढीच ट्यूब बाहेर ओढून जागेवर पॅच मारायचा. चाक काढायचीच वेळ आली तर आधी मोटरचा कनेक्टर सोडवा, वॉशरचा मोबाईलवर फोटो काढा, दात फ्रेमच्या खाचेतच बसला पाहिजे, आणि नट कचकचून आवळा. बहुतेक 18 नंबरचा पाना लागतो, तो सीटखाली बांधून ठेवा कारण साध्या सायकलवाल्याकडं तो असेलच असं नाही.

पावसात चालते, पण ओढ्याचं पाणी एक्सलला लागत असेल तर उतरायचं आणि बॅटरी काढून खांद्यावर घ्यायची. धुताना ओल्या फडक्यानं पुसा, सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशरचा पाईप हबवर मारू देऊ नका. आणि मुरमाच्या रस्त्यानं चाकाच्या तारा (स्पोक) ढिल्या होतात, पंधरा दिवसांनी बोटानं वाजवून बघा, एखादी भद्द वाजली की आवळून घ्या.